निबिमाच्या मुळीची कसोटी

घानामधल्या कुमासी शहरातला केजेटिया बाजार पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. कापड, भांडी आणि सुकी मासळी यांच्या ओळी ओलांडल्या की जडीबुटी विकणाऱ्यांची दुकाने लागतात. साली, पाने आणि बियांच्या ढिगांत पिवळसर तपकिरी, वेड्यावाकड्या, बोटापेक्षा बारीक मुळ्याही विकायला असतात. मुळी मोडली की आतून पिवळीधमक निघते. चव कडूजहर. थंडी वाजून ताप आला, अंग ठणकायला लागले की ही मुळी पाण्यात उकळायची आणि तो काढा दिवसातून दोन-तीन वेळा घ्यायचा, ही तिथली जुनी रीत.

या झुडपाला घानातल्या ट्वी भाषेत ‘निबिमा’ म्हणतात, एवे भाषेत ‘कद्झे’ आणि उत्तरेकडच्या हौसा भाषेत ‘गंगामाऊ’. शास्त्रीय नाव क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटा. दुसऱ्या झाडाच्या आधाराने वर चढणारे, बारीक खोडाचे हे वेलीसारखे झुडूप. खोडाला चीर दिली की निघणारा चीक वाळताना लालसर होतो, म्हणून नावात ‘रक्ताळलेली’ या अर्थाचा लॅटिन शब्द आला. आपल्याकडची रुई आणि उपळसरी याच मोठ्या कुळातल्या. मात्र नाते असले तरी रसायने वेगळी आहेत, त्यामुळे एकीचे गुण दुसरीला चिकटवता येत नाहीत.

सेनेगलपासून नायजेरियापर्यंतच्या पट्ट्यात निबिमाची मुळी हिवताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, जुलाब आणि श्वसनमार्गाचे आजार यांसाठी वापरली जाते. हौसा कारागीर तिच्यापासून कापडासाठी आणि चामड्यासाठी पिवळा रंगही काढत आले. यातला हिवतापावरचा उपयोग आज नव्याने चर्चेत आहे, आणि त्याची कारणे तातडीची आहेत.

जुने औषध बोथट होत असताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथे मरणाऱ्या दर चारांमागे तिघे पाच वर्षांखालची बालके.

फाल्सिपॅरम या घातक हिवतापावर सध्याचा मुख्य उपचार आर्टेमिसिनिन आणि त्याच्या जोडीला दुसरे औषध असा असतो. आर्टेमिसिनिन रक्तातले बहुतेक परजीवी झपाट्याने मारते आणि जोडीदार औषध उरलेले निपटून काढते. या औषधाला दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियाच्या पश्चिम भागात दिसले. २०२० नंतर रवांडा, युगांडा, टांझानिया आणि एरिट्रिया या पूर्व आफ्रिकेतल्या देशांतही ते सापडल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले. याला ‘अंशतः प्रतिकार’ म्हणतात. परजीवी मरतात, पण रक्तातून नाहीसे व्हायला अधिक वेळ घेतात, आणि तेवढा सगळा भार जोडीदार औषधावर पडतो. उद्या तेही थकले तर काय, ही खरी चिंता आहे. क्लोरोक्विनच्या बाबतीत हेच घडले होते. आग्नेय आशियात सुरू झालेला प्रतिकार आफ्रिकेत पोहोचला आणि त्याची किंमत तिथल्या लहान मुलांनी मोजली.

दुसरे कारण पैशाचे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. मच्छरदाण्या, निदानाच्या किट आणि गोळ्या यांसाठी त्या मदतीवर विसंबून असलेल्या आफ्रिकी कार्यक्रमांना त्याचा फटका बसला. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या की माणसे बाजारातल्या मुळीकडे वळतात. त्या मुळीत काय आहे, ती किती काम करते आणि किती अपाय करते, हे प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या जिवाशी जोडलेले आहेत.

मुळीत काय आहे

निबिमातल्या मुख्य द्रव्याचे नाव क्रिप्टोलेपिन. हे इंडोलोक्विनोलिन गटातले अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेले वनस्पतिजन्य द्रव्य. क्विनीन, कॅफीन आणि निकोटीन हीदेखील अल्कलॉइडच. या गटाचा मूळ सांगाडा रसायनशास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला होता. निसर्गात क्रिप्टोलेपिन आहे हे त्यानंतर दोन दशकांनी, १९२९ मध्ये, याच वंशातल्या दुसऱ्या एका आफ्रिकी वनस्पतीत कळले. निबिमाच्या मुळीतून ते १९५१ मध्ये वेगळे करण्यात आले. पुढे याच मुळीत क्विंडोलिन, निओक्रिप्टोलेपिन, आयसोक्रिप्टोलेपिन अशी आणखी भावंडे सापडली. मुळीचा पिवळा रंग आणि कडूपणा या मंडळींचाच.

हिवतापाच्या परजीवीवर क्रिप्टोलेपिन कसे काम करते, हे समजण्यासाठी परजीवीचे जेवण पाहावे लागते. तो तांबड्या रक्तपेशीत शिरून तिथले हिमोग्लोबिन खातो. या खाण्यातून ‘हीम’ नावाचा विषारी अवशेष उरतो. परजीवी त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ते बाजूला साठवतो. क्लोरोक्विन नेमकी हीच स्फटिक बनवण्याची क्रिया अडवते, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. क्रिप्टोलेपिनही ही क्रिया रोखते, असे प्रयोगांत दिसले आहे. आर्टेमिसिनिनच्या गटातल्या औषधांबरोबर ते दिले तर दोघांचा एकत्रित परिणाम वाढतो, हेही घानातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले आहे.

म्हणजे लोकांचा अनुभव पोकळ नव्हता. हिवतापावरची जगातली दोन सर्वांत मोठी औषधे वनस्पतींतूनच आली आहेत. आपल्या आजी-आजोबांनी ज्याला ‘कोयनेल’ म्हटले ते क्विनीन १८२० मध्ये सिंकोना झाडाच्या सालीतून वेगळे झाले. आर्टेमिसिनिन चीनमधल्या एका दवण्यासारख्या झुडपातून आले आणि त्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामातला एक तपशील इथे फार महत्त्वाचा आहे. वनस्पती उकळून काढलेला अर्क कधी काम करी, कधी नाही. जुन्या चिनी ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितल्याचे त्यांच्या ध्यानात आले. उष्णतेने गुण जात असावा असे ताडून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि औषध हाती लागले. परंपरेने दिशा दाखवली होती, पण गुण नेमका कुठे आहे आणि तो कशाने नष्ट होतो, हे प्रयोगाने कळले.

ताप उतरला, परजीवी उरले

निबिमाच्या बाबतीत हे काम घानाने बरेच आधी हाती घेतले. एडिंबरामध्ये वैद्यकशास्त्र शिकून आलेले आणि शिल्पकार म्हणूनही नावाजलेले डॉ. ओकू अँपोफो यांनी देशी वनौषधींचा पद्धतशीर अभ्यास व्हावा असा आग्रह धरला. त्यातून १९७५ मध्ये मँपाँग-अकुआपेम इथे सरकारी वनौषधी संशोधन केंद्र उभे राहिले आणि अँपोफो त्याचे पहिले संचालक झाले. निबिमाचा काढा या केंद्रात रुग्णांना दिला जाऊ लागला आणि त्याच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या.

१९८० च्या दशकात झालेल्या एका छोट्या चाचणीत निबिमाच्या अर्काची क्लोरोक्विनशी तुलना केली गेली. निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. निबिमा घेतलेल्यांचा ताप सरासरी ३६ तासांत उतरला, क्लोरोक्विन घेतलेल्यांचा ४८ तासांत. म्हणजे मुळी सरस. पण रक्तातले परजीवी नाहीसे व्हायला निबिमाला ३.३ दिवस लागले, क्लोरोक्विनला २.२ दिवस. म्हणजे मुळी मागे.

घरच्या माणसांना यातला पहिला आकडा दिसतो. कपाळाला हात लावला, ताप नाही, पोर जेवले, खेळले, औषध लागू पडले. दुसरा आकडा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. ताप उतरणे आणि आजार बरा होणे यांतले हे अंतर हिवतापात धोक्याचे असते. रक्तात उरलेले परजीवी पुन्हा वाढतात, आणि त्याच माणसाला चावलेल्या डासामार्फत शेजाऱ्याकडेही पोहोचतात.

पुढे निबिमाची मुळी चहाच्या पुडीसारख्या पिशवीत भरून तिचा मोजून डोस देण्यात आला. घानाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंतागुंत नसलेला हिवताप झालेल्या ४४ रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्या रुग्णांच्या रक्तातले परजीवी ७२ तासांत गेले, सातव्या दिवसापर्यंत सर्वांचेच गेले. २८ दिवसांच्या पाठपुराव्यात दोघांना आजार उलटला. बरे होण्याचे प्रमाण ९३.५ टक्के नोंदवले गेले.

आकडा आशादायक आहे, मात्र तो कसा वाचावा हेही समजून घ्यायला हवे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. घानासारख्या ठिकाणी लहानपणापासून हिवताप सोसलेल्या प्रौढांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्यांचा ताप काही वेळा औषधाशिवायही ओसरतो. शिवाय गावातला प्रत्येक ताप हिवताप नसतो. विषाणूने आलेला ताप चार दिवसांत आपोआप जातो आणि श्रेय त्या दिवशी प्यायलेल्या काढ्याला मिळते. म्हणून एका गटाला निबिमा आणि दुसऱ्याला सध्याचे प्रमाणित औषध, कोणाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले, आणि दोन्ही गटांच्या रक्ताची तपासणी एकाच पद्धतीने, अशी मोठी चाचणी झाल्याखेरीज ‘मुळीने बरे केले’ आणि ‘मुळी घेत असताना बरे वाटले’ यांतला फरक कळत नाही. चार वर्षांच्या मुलाकडे प्रौढाची प्रतिकारशक्ती नसते. त्याच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

पेशीच्या गाभ्यापर्यंत जाणारा रेणू

आता नाण्याची दुसरी बाजू. क्रिप्टोलेपिनचा रेणू चपटा असतो. डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत तो जाऊन बसतो. तो तिथे नेमका कसा बसतो याचे स्फटिकचित्र २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराच्या कामातही तो अडथळा आणतो. कर्करोगावरची काही औषधे याच मार्गाने काम करतात, त्यामुळे कर्करोग संशोधकांनाही या रेणूत रस आहे. त्याच २००२ मध्ये निबिमाचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी तीव्र घातक ठरतो, असा इशारा देणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. प्यायलेल्या काढ्यातले सगळे द्रव्य रक्तात जात नाही, गेलेले यकृतात बदलते, लघवीवाटे बाहेर पडते. पिढ्यान्‌पिढ्या वापर आहे आणि थोड्या दिवसांच्या उपचारात मोठे अपाय नोंदले गेलेले नाहीत, हेही खरे. पण जो रेणू परजीवीच्या डीएनएला भिडतो तो आपल्या पेशींच्या डीएनएलाही भिडू शकतो. अशा वेळी दोन गोष्टींबाबत डॉक्टर सावध राहतात: गर्भारपण आणि दीर्घकाळचा वापर. बाळाच्या पेशी भराभर विभागत असतात. आणि ‘ताकदीचा काढा’ म्हणून रोज घेतलेल्या औषधाचा परिणाम दहा वर्षांनी दिसला तर तो त्या काढ्याशी जोडणारे कोणी नसते. पिढ्यांचा अनुभव तासाभरात येणारी उलटी किंवा पुरळ टिपतो. हळूहळू होणारी इजा त्याच्या नजरेतून सुटते.

यावर रसायनशास्त्राने एक वाट शोधली आहे. क्रिप्टोलेपिनच्या रेणूत थोडा फेरफार करून, उदाहरणार्थ त्याला ब्रोमीनचे दोन अणू जोडून, परजीवीवर अधिक प्रभावी ठरणारी रूपे तयार झाली आहेत. परजीवी मारण्याचा गुण आणि डीएनएला चिकटण्याचा गुण वेगळे करता येतील, अशी आशा या कामातून निर्माण झाली. उद्या निबिमापासून औषध आलेच, तर ते बहुधा मुळीची हुबेहूब नक्कल नसेल. सिंकोनाच्या सालीवरून क्लोरोक्विनपर्यंतचा प्रवासही असाच झाला.

परवानगी कशाची?

कोविडच्या काळात निबिमा पुन्हा बातम्यांत आली. एप्रिल २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी आर्टेमिसियाच्या पेयाची बाटली जगासमोर धरली होती आणि काही आफ्रिकी देशांनी ते पेय मागवलेही होते, कोणत्याही पुरेशा चाचणीविना. घानाने वेगळा रस्ता धरला. तिथल्या अन्न आणि औषध प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये कोविडसाठी निबिमाची वैद्यकीय चाचणी करायला परवानगी दिली.

ही परवानगी चाचणीची होती, औषधाची नव्हती. पण बातमी फिरता फिरता ‘घानाने वनौषधीला मान्यता दिली’ अशी होते. चाचणीला परवानगी म्हणजे ‘हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि विचारताना माणसांना अपाय होऊ नये याची काळजी घेतलेली आहे’ एवढेच. उत्तर त्यानंतर यायचे असते आणि ते नकारार्थीही असू शकते. प्रयोगशाळेत परजीवी किंवा विषाणू मारणारी द्रव्ये पुष्कळ असतात. त्यांतली फारच थोडी माणसाच्या शरीरात, सुरक्षित मात्रेत, तेच काम करतात.

घानाचे हेच प्राधिकरण महाराष्ट्राच्या एका बातमीतही होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली हिवतापाची ‘आर२१’ ही लस सर्वांत आधी मंजूर करणारा देश घाना. हे घडले एप्रिल २०२३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. ही लस बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या चार देशांतल्या सुमारे ४,८०० मुलांवर तपासली गेली होती. हिवताप ठरावीक मोसमात येणाऱ्या ठिकाणी वर्षभरात सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. पाच ते छत्तीस महिन्यांच्या बालकांसाठी तिला मंजुरी मिळाली.

एक लस पुण्याच्या अत्याधुनिक कारखान्यातली, एक मुळी कुमासीच्या बाजारातली. दोघींना प्रश्न तेच विचारायला हवेत. काम करते का? कोणावर आणि किती मात्रेत? अपाय काय? प्रत्येक बाटलीत, प्रत्येक पुडीत तेवढेच द्रव्य आहे का? लसीने उत्तरे दिली म्हणून ती बालकांपर्यंत पोहोचली. निबिमाने काहींची अर्धी उत्तरे दिली आहेत. तिला देशी म्हणून झुकते माप देणे किंवा जंगली म्हणून हिणवणे, दोन्ही रुग्णाच्या हिताचे नाही.

शेवटचा प्रश्न, म्हणजे पुडीतल्या द्रव्याचा, मुळीसाठी सर्वांत अवघड. वेलीचे वय, जमीन, काढणीचा हंगाम आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार क्रिप्टोलेपिनचे प्रमाण बदलते. एका बाईच्या काढ्यात पुरेसे औषध उतरेल, दुसरीच्या काढ्यात निम्मेच. निम्मा डोस रुग्णाला बरे करत नाही, आणि औषधाला सरावलेले परजीवी मात्र मागे ठेवतो. नेमक्या याच भीतीपोटी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आर्टेमिसियाचा चहा किंवा वाळलेली पाने हिवतापासाठी वापरायला पाठिंबा देण्याचे नाकारले.

मुळी उपटली की वेल संपते

मागणी वाढली की आणखी एक अडचण येते. निबिमाचा गुण मुळीत आहे. पाने तोडली तर झाड पुन्हा पालवते, मुळी खणली की वेलच जाते. घानात बाजारातली बहुतांश मुळी रानातून येते आणि ती मिळवायला गोळा करणाऱ्यांना आता अधिक दूर जावे लागते. शेतात तिची लागवड करण्याचे प्रयोग सुरू आहेत. ते साधले तर रान वाचेल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि ठरावीक वयाची, ठरावीक प्रतीची मुळीही हाती येईल.

हे भारताने आधी भोगले आहे. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या देशी झुडपाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे झाले. मागणी इतकी वाढली की आपली सर्पगंधा रानातून दिसेनाशी होऊ लागली. मग औषध कंपन्यांनी पश्चिम आफ्रिकेतली तिची बहीण, राउवोल्फिया व्होमिटोरिया, जवळ केली. तिच्या मुळीतही रेसरपिन मिळते. पुढे मोठ्या वापरातून या औषधाचा उदासीनतेशी असलेला संबंध समोर आला, अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. शतकानुशतके वापरलेल्या मुळीतल्या द्रव्याचाही दोष हजारो रुग्णांच्या नोंदी झाल्यावरच दिसला.

आपल्या स्वयंपाकघरातला काढा

घानाची ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना २०२० च्या अखेरच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे म्हटले. त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून एकच गोष्ट निघते: बाजारातल्या कांडीत नेमके काय आहे आणि ते कोणाच्या शरीरात काय करते, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे गडचिरोली उचलत आला आहे. तिथल्या जंगलपट्ट्यात ताप आला की आधी गावातल्या पुजाऱ्याकडे जाण्याची रीत अजून आहे. पावसाळ्यात रस्ते तुटतात, दवाखाना दूर राहतो. घानातल्या खेड्यातली आई आणि भामरागडमधली आई एकाच पेचात सापडतात. जवळ जे आहे ते देऊन पाहावे, की नदी ओलांडून जावे? पहिला पर्याय निवडणाऱ्या आईला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिच्या पाड्यावर आशा सेविकेच्या पिशवीत तपासणीची किट आणि गोळ्या बारा महिने असतील, याची व्यवस्था करणे अवघड आहे. पण फरक पडतो तो त्यानेच.

घानाने या बाबतीत एक शहाणपण दाखवले आहे. २००० मध्ये पारंपरिक वैद्यकाचा कायदा करून वैद्यांना नोंदणीच्या चौकटीत आणले. कुमासीच्या विद्यापीठात वनौषधींचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. काही सरकारी रुग्णालयांत वनौषधी विभाग उघडले गेले. तिथे काढा मागणारा रुग्ण दवाखान्याच्या छताखालीच असतो आणि त्याच्या रक्ताची तपासणी होऊ शकते. परंपरा आणि तपासणी एका इमारतीत आली, तर पारंपरिक उपायाचा खरा गुण कळण्याची आणि त्याची चूक वेळेत पकडली जाण्याची शक्यता वाढते.

तोवर व्यवहारातले नियम साधे आहेत. हिवतापाच्या भागात राहणाऱ्याला किंवा तिथून आलेल्याला ताप आला तर पहिल्या २४ तासांत रक्त तपासावे. फाल्सिपॅरम निघाला तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा पूर्ण क्रम संपवावा, ताप उतरला तरीही. मूल सुस्त पडले, झटके आले, उलट्या थांबेनात, लघवी काळपट झाली किंवा श्वास जलद झाला, तर कोणताही काढा उकळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. गर्भवतीने कोणतीही मुळी, साल किंवा चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. आणि घरात काढा चालू असेल तर तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. ते रागावतील या भीतीने लपवलेली माहितीच निदान चुकवते. डॉक्टरांनीही ती शांतपणे ऐकून केसपेपरवर लिहून ठेवावी. निबिमाबद्दल आज जे काही कळले आहे, त्याची सुरुवात मँपाँगच्या केंद्रातल्या अशाच नोंदींपासून झाली होती.